स्वस्त सौरघट आणि राष्ट्राराष्ट्रांचें सहकार्य

सूर्य ही कोणा एका राष्ट्राची मालमत्ता नव्हे, हें सांगावयास पंडिताची आवश्यकता नाहीं. सुमारें दीड तासांत जेवढा सूर्यप्रकाश पृथ्वीवर पडतो, तेवढ्यांत सर्व मनुष्यजातीची वर्षभराची शक्तीची गरज भागावी, असा हिशेब शास्त्रज्ञ मांडतात. परंतु प्रकाश फुकट मिळाला तरी त्याची वीज फुकट मिळत नाहीं. ती करण्याचें साधन लागतें, आणि साधनाला किंमत पडते. ही किंमत आजवर कोणीं व कशी कमी केली, आणि ती आणखी कमी करावयाची तर तें काम एकट्यादुकट्या राष्ट्राच्या हातून होण्यासारखें आहे कीं काय, याविषयीं आमच्या मनांत जे विचार येतात ते वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचे बहुतेक वाचक विद्यार्थी आहेत. म्हणून विषय थोडा मुळापासून सांगितला तर जाणत्यांनीं राग मानूं नये.

प्रकाश पडल्यानें वीज उत्पन्न होते, हें प्रथम १८३९ सालीं एदमों बेकरेल नांवाच्या एका फ्रेंच तरुणाच्या लक्षांत आलें. त्या वेळीं त्याचें वय अवघें एकोणीस वर्षांचें होतें. म्हणजे आमच्या शाळेंतून शेवटची परीक्षा देऊन बाहेर पडणाऱ्या मुलांपेक्षां तो तीनचार वर्षांनींच काय तो वडील. प्रयोग त्यानें केला तो आपल्या वडिलांच्या प्रयोगशाळेंत. (ज्यांचे वडील प्रयोगशाळा बाळगून नाहींत त्यांनीं नाउमेद होऊं नये.) पुढें १८८३ सालीं अमेरिकेंत चार्ल्स फ्रिट्स यानें सेलेनियमचा घट तयार केला, परंतु पडलेल्या प्रकाशाचा शंभरावा हिस्साच जेमतेम विजेच्या रूपानें हातीं येई. १९०५ सालीं आइन्स्टाइन यांनीं, प्रकाशाच्या आघातानें धातूंतून इलेक्ट्रॉन कां व कसे बाहेर पडतात याचा उलगडा केला. आणि शेवटीं १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चॅपिन, फुलर व पिअर्सन या त्रयीनें सिलिकॉनचा घट जगापुढें ठेवला. त्यांत शेंकडा सहा हिस्से प्रकाशाची वीज होत होती. आज तुम्ही शाळांच्या व पतपेढ्यांच्या गच्चीवर जीं निळीं-काळीं पॅनेल्स पाहतां, तीं बहुतेक सर्व ह्याच घटाचे वंशज होत.

परंतु हा नवा घट पृथ्वीवरील मनुष्याच्या उपयोगीं पडला नाहीं. तो इतका महाग होता कीं त्याला आकाशांतच गिऱ्हाईक मिळालें. १९५८ सालीं अमेरिकेनें सोडलेल्या व्हॅनगार्ड नांवाच्या लहानशा उपग्रहावर तो बसविण्यांत आला. त्या उपग्रहावरील साध्या बॅटरीनें कांहीं महिन्यांतच प्राण सोडला, परंतु सौरघटांवर चालणारा बिनतारी यंत्राचा आवाज १९६४ पर्यंत येत राहिला. हा आवाज ऐकून अनेक देशांतील लोकांची खात्री पटली कीं वस्तु चांगली आहे. प्रश्न उरला तो पैशाचा. १९७०च्या दशकाच्या मध्यास एका वॉटमागें सुमारें शंभर डॉलर पडत, असें आजच्या चलनांत धरून सांगतात. आज तेवढीच शक्ति देणारें पॅनेल वीस-पंचवीस सेंटांच्याही खालीं मिळतें. पन्नास वर्षांत शेंकडों पटींनीं स्वस्त झालेली अशी दुसरी शक्ति मनुष्याच्या इतिहासांत आम्हांस ठाऊक नाहीं.

ही किंमत खालीं आणण्याचें श्रेय कोणाचें, असें विचारलें तर प्रत्येक राष्ट्राचा अभिमानी पुढें सरसावतो. अमेरिकन म्हणेल, घट आमचा. परंतु घट तयार झाल्यावर त्याची शक्ति वाढविण्याचें एक फार मोठें काम ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें न्यू साउथ वेल्स विद्यापीठांत मार्टिन ग्रीन व त्यांचे सहकारी यांनीं केलें. घटाच्या पाठीमागच्या बाजूस जी शक्ति वायां जात असे ती वांचविण्याची त्यांची युक्ति १९८० नंतरच्या दशकांतली. पुढें कित्येक वर्षें जगांतील बहुसंख्य पॅनेल्स त्याच युक्तीनें बनत गेलीं. त्या प्रयोगशाळेंत चीनमधून आलेले विद्यार्थी होते. त्यांपैकीं झेंगरोंग शी हे परत गेले व २००१ सालीं त्यांनीं वूशी शहरीं सनटेक हा कारखाना काढला. त्याच सुमारास, म्हणजे २००० सालीं, जर्मनीनें कायदा करून सौरविजेस वीस वर्षेंपर्यंत ठराविक व चांगला दर देण्याची हमी दिली; त्यामुळें मागणी वाढली, आणि ती मागणी पुरविण्यासाठीं चीनमध्यें कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले. जर्मन ग्राहकानें कांहीं वर्षें महाग वीज घेतली, म्हणून आज आमच्या विदर्भांतील शेतकऱ्यास पंप स्वस्त पडतो, ही गोष्ट किती जणांस माहीत असेल? सनटेकचें पुढें दिवाळें वाजलें. परंतु तेथें जी विद्या रुजली ती बुडाली नाहीं.

आतां कोणी म्हणेल, एवढें स्वस्त झालें आहे तर नव्या प्रकारच्या घटांचा खटाटोप कशाला? आक्षेप वरवर पाहतां बरोबर आहे, आणि आम्हांसही तो बराच काळ पटण्यासारखा वाटत असे. परंतु हिशेबाची वही नीट उघडून पाहिली म्हणजे दोन गोष्टी दिसतात.

पहिली अशी कीं, सिलिकॉन मिळवावयाचें तें गारगोटीपासून. ती कोळशाबरोबर विजेच्या भट्टींत तापवावी लागते. निघालेला पदार्थ रासायनिक क्रियांनीं अत्यंत शुद्ध करावा लागतो. मग चौदाशें अंशांवर वितळवून त्याचा एकसंध स्फटिक वाढवावा लागतो, आणि त्याच्या मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतक्या पातळ चकत्या कापाव्या लागतात. हीं यंत्रें व ह्या भट्ट्या उभारणें येरागबाळ्याचें काम नव्हे. म्हणूनच आज पॅनेलच्या प्रत्येक टप्प्यावरील उत्पादनापैकीं शेंकडा ऐंशींहून अधिक भाग एकट्या चीनमध्यें एकवटलेला आहे. चिनी लोकांच्या उद्योगाविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु सर्व जगाची चूल एकाच घरच्या निखाऱ्यावर पेटावी, हें त्या घरासही हितावह नाहीं.

दुसरी गोष्ट अशी. पॅनेल आतां इतकें स्वस्त झालें आहे कीं एकूण खर्चांत त्याचा वांटा लहान होत चालला. जमीन, लोखंडी सांगाडा, तारा, कांच व मजुरी यांचा वांटा मोठा. एक मेगावॉटचें सौरकेंद्र उभारावयाचें तर चार-पांच एकर जमीन लागते. घटानें त्याच प्रकाशांतून दीडपट वीज काढली, तर तेवढ्याच विजेला एकतृतीयांश जमीन, लोखंड व मजुरी कमी पुरेल. तेव्हां नुसतें स्वस्त पॅनेल पुरें नाहीं. स्वस्त आणि अधिक कसदार असें पॅनेल पाहिजे. सिलिकॉन येथें थकत चाललें आहे. १९६१ सालीं शॉक्ले व क्वाइसर यांनीं गणितानें दाखविलें कीं एकाच पदार्थाच्या घटाला एक कमाल मर्यादा असते. ती आज शेंकडा तेहतिसाच्या आसपास धरतात, आणि सिलिकॉनचे उत्तमांतले उत्तम घट सत्तावीस ओलांडून गेलेले आहेत. पुढें फार चालावयास वाट नाहीं.

नव्या घटांपैकीं ज्याच्यावर आज सर्वांचे डोळे लागले आहेत, त्याचें नांव पेरोव्हस्काइट. नांव अवघड आहे खरें, पण त्याची कथा मोठी मनोरंजक आहे, आणि आमचें म्हणणें ती कथाच अधिक चांगलें सांगेल.

ज्या १८३९ सालीं बेकरेलनें प्रकाशाची वीज पाहिली, त्याच सालीं रशियांतील उरल पर्वतांत सांपडलेल्या एका खनिजाचें वर्णन गुस्टाव्ह रोझ या जर्मन शास्त्रज्ञानें केलें व त्यास पेरोव्हस्की या रशियन सरदाराचें नांव दिलें. दोन्ही गोष्टींची गांठ पडावयास मात्र एकशें सत्तर वर्षें लागलीं. त्या खनिजांतील अणूंची जी मांडणी आहे, तशीच मांडणी असलेले शिसें व आयोडीन यांचे कृत्रिम स्फटिक १९७८ सालीं जर्मनींत डीटर वेबर यांनीं तयार केले. पण त्यांचा वीज करण्याकडे कोणी उपयोग केला नाहीं. इकडे १९९१ सालीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें मिखाएल ग्रेट्सेल व ब्रायन ओरेगन यांनीं एक निराळाच घट जाहीर केला. पांढऱ्या रंगांत घालतात ती टायटॅनियमची भुकटी, आणि तिच्यावर चढविलेला रंग. झाडाचें पान जसें हिरव्या रंगाच्या साह्यानें प्रकाश टिपतें, तसा कांहींसा हा प्रकार. त्यास ना मोठी भट्टी लागे, ना शुद्ध स्फटिक. जगांतील शेंकडों लहान प्रयोगशाळांना एकदम वाटूं लागलें कीं हें आपल्यालाही करतां येईल. आमच्या मतें ग्रेट्सेल यांचें खरें कार्य हेंच. त्यांचा घट बाजारांत फारसा चालला नाहीं, परंतु त्यानें संशोधकांची एक जात निर्माण केली.

ह्या जातीपैकींच जपानांतील योकोहामा येथील तोइन विद्यापीठाचे प्राध्यापक त्सुतोमु मियासाका होत. हें विद्यापीठ कांहीं मोठें नामांकित नव्हे. त्यांच्याकडे अकिहिरो कोजिमा नांवाचा एक विद्यार्थी आला व म्हणाला, रंगाच्या ऐवजीं पेरोव्हस्काइट लावून पाहूं या. २००९ सालीं त्यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला: कार्यक्षमता शेंकडा ३.८, आणि घटांतील द्रवांत तो स्फटिक पाहतां पाहतां विरघळून जाई. अशा निबंधाकडे कोण लक्ष देणार? बहुतेकांनीं दिलें नाहीं. परंतु दक्षिण कोरियांतील नाम-ग्यू पार्क यांनीं दिलें. त्यांनीं २०११ सालीं ही कार्यक्षमता साडेसहावर नेली, पण विरघळण्याची खोड कायम. ही खोड मोडली ती लोझान येथें पूर्वीं, १९९८ सालीं, रंगाच्या घटासाठीं वापरलेल्या एका घन पदार्थानें. द्रव काढून तो घन पदार्थ घालतांच २०१२ सालीं पार्क व ग्रेट्सेल यांचा घट पांचशें तासांहून अधिक काळ टिकला व कार्यक्षमता दहाच्या जवळ गेली. त्याच वर्षीं इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें हेन्री स्नेथ यांनीं दहाची मर्यादा ओलांडली. हे स्नेथ पूर्वीं लोझानला ग्रेट्सेल यांच्याच हाताखालीं काम केलेले. आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल ली पेरोव्हस्काइट करण्याची कृति शिकला ती जपानांत मियासाका यांच्याकडे. ऑक्सफर्डच्या त्या निबंधावर मियासाका यांचेंही नांव आहे.

वाचकहो, ह्या कथेंतून कोणतेंही एक राष्ट्र काढून टाका, आणि ती पुढें सरकते काय तें पाहा. जपान काढलें तर कल्पनाच नाहीं. स्वित्झर्लंड काढलें तर ती कल्पना ज्या जमिनींत रुजली ती जमीन नाहीं. कोरिया काढला तर कदाचित् तो निबंध आजही एखाद्या कपाटांत धूळ खात पडला असता. २०२२ सालीं इंग्लंडांतील रँक पारितोषिक ह्या शोधाबद्दल देण्यांत आलें, तें सात जणांत वांटून. त्यांत विद्यार्थी कोजिमा व विद्यार्थी ली हेही होते, ही गोष्ट आम्हांस विशेष आवडली.

त्यानंतरची प्रगति आंकड्यांनीं सांगितली म्हणजे पुरे. तीन-आठवरून निघालेली ही गाडी सोळासतरा वर्षांत सव्वीसच्या पुढें गेली; सिलिकॉनला तेवढें अंतर तोडावयास पांच-सहा दशकें लागलीं होतीं. आणि पेरोव्हस्काइट सिलिकॉनचा शत्रु नव्हे. सिलिकॉनच्या पाठीवर त्याचा पातळ थर चढविला म्हणजे वरचा थर निळा-हिरवा प्रकाश घेतो व खालचें सिलिकॉन तांबडा व त्यापलीकडचा अदृश्य प्रकाश घेतें. अशा जोडघटानें २०२४ सालीं चीनमधील एका कंपनीच्या प्रयोगशाळेंत शेंकडा चौतीसची मजल ओलांडली. त्याच वर्षीं ऑक्सफर्डमधून निघालेल्या कंपनीनें जर्मनींतील आपल्या कारखान्यांत केलेलीं जोडघटांचीं पहिलीं पॅनेल्स गिऱ्हाइकास पाठविलीं. हा थर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या हिश्शाइतका पातळ असतो. शाईप्रमाणें पसरून शंभरेक अंशांच्या उष्णतेवर तो वाळवतां येतो. चौदाशें अंशांची भट्टी नको. वाकणाऱ्या फितीवरही तो बसतो. जपानांत २०२५ सालीं ओसाका येथें भरलेल्या प्रदर्शनाच्या बसस्थानकाच्या वक्र छपरावर अशा फिती लावल्या होत्या. ज्या पत्र्याच्या छपरास कांचेच्या पॅनेलचें ओझें पेलत नाहीं, अशीं छपरें आमच्या मुलखांत किती आहेत हें सांगावयास नको.

मग अडतें कोठें? अडतें तें आयुष्याशीं. सिलिकॉनचें पॅनेल पंचवीस वर्षांच्या हमीनें विकलें जातें. पेरोव्हस्काइटला ओलावा सोसत नाहीं, फार उष्णता सोसत नाहीं, आणि प्रकाशासाठीं जन्मलेला हा पदार्थ दीर्घकाळ प्रकाशांत राहिला म्हणजे त्याचे कण जागा बदलूं लागतात. शिवाय त्यांत शिसें आहे. प्रमाण थोडें, चौरस मीटरला एक ग्रॅमच्याही आंत. परंतु तें पाण्यांत विरघळणाऱ्या रूपांत असल्यामुळें फुटलेल्या पॅनेलवर कोंकणांतला पाऊस पडला तर तें शेतांत जाणार. शिशाच्या जागीं कथील घालून पाहिलें, तर कथील हवेनें लौकर बिघडतें. शिसें धरून ठेवणारे लेप करण्याचे प्रयत्न चालू आहेत. जो पदार्थ पांच वर्षांत निकामी होतो तो निम्म्या किंमतीस मिळाला तरी महागच. स्वस्त हा शब्द खरेदीच्या पावतीवरून नव्हे, तर आयुष्यभर मिळालेल्या युनिटांवरून ठरवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्या जाहिरातींत वॉटचा दर मोठ्या अक्षरांत असतो व वर्षांचा आंकडा खालीं बारीक अक्षरांत, ती जाहिरात खालून वर वाचावी.

आणि येथेंच आमच्या देशाचा संबंध येतो. सर्व जगांत घटाची परीक्षा पंचवीस अंश उष्णतेवर करतात. चंद्रपूरच्या मे महिन्यांत पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत तापतें, आणि सिलिकॉनचें पॅनेल दर अंशामागें शेंकडा तिसऱ्या-चवथ्या दशांशाइतकी शक्ति गमावतें. म्हणजे पंचवीसवरून पासष्टवर गेल्यास सुमारें सातवा-आठवा हिस्सा नाहींसा होतो. ही झाली त्या घटकेची तूट. कायमची झीज निराळी. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें २०१० सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय सौरघट-संशोधन केंद्र व हरयाणांतील राष्ट्रीय सौर संस्था यांनीं मिळून देशभर हिंडून, जागोजागच्या जुन्या पॅनेल्सची तपासणी वेळोवेळीं केली आहे. त्यांत आढळून आलें कीं उष्ण प्रदेशांतील पॅनेल्स थंड प्रदेशांतल्यांपेक्षां लौकर झिजतात, आणि जमिनीवरच्यांपेक्षां छपरांवरचीं अधिक वाईट स्थितींत असतात. लोझान किंवा ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञ कितीही बुद्धिमान् असला, तरी त्याच्या अंगणांत चंद्रपूरचा मे नाहीं आणि रत्नागिरीचा जुलैही नाहीं. हें ऊन व हा पाऊस ही आमची संशोधनाची पुंजी आहे. ती आम्हीं जगास देऊं केली पाहिजे आणि तिच्या मोबदल्यांत बरोबरीच्या नात्यानें विद्या मागितली पाहिजे.

आमच्याकडे माणसें नाहींत, असें मात्र कोणीं म्हणूं नये. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत पदार्थांचे पातळ थर देण्याच्या विद्येचा अभ्यास कित्येक वर्षें चालू आहे. साध्या उपकरणांनीं, फवाऱ्यानें किंवा द्रावणांत बुडवून उत्तम थर देण्याची तेथील हातोटी नांवाजलेली आहे. तेथें पदवी घेतलेले अनेक तरुण दक्षिण कोरियांतील विद्यापीठांत गेले व तेथें पेरोव्हस्काइटवर काम करीत आले आहेत. खेड्यांतल्या शाळेंतून कोल्हापुरास व कोल्हापुराहून कोरियास, हा रस्ता आतां मळलेला आहे. मुंबईच्या त्या केंद्रांतही जोडघटांवर काम चाललें आहे. २०१२ ते २०१७ या काळांत बंगळूरची विज्ञानसंस्था व अमेरिकेंतील कोलोरॅडोची राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनीं मिळून एक संयुक्त सौरसंशोधन संस्था चालविली. तिची मुदत संपली. अशा संस्था पांच वर्षांच्या मुदतीनें काढाव्यात आणि माणसें तयार होतांच बंद कराव्यात, ही पद्धत आम्हांस समजत नाहीं. आंब्याचें कलम लावून पांचव्या वर्षीं पाणी तोडणाऱ्या बागाइतदारास काय म्हणावें?

सहकार्याच्या विरुद्ध जें बोललें जातें, त्यांत तथ्यच नाहीं असें नाहीं. लोक म्हणतात, विद्या सर्वांची म्हणावयाची आणि नफा एकाचा व्हावयाचा. ऑस्ट्रेलियानें युक्ति काढली, परंतु कारखाने तेथें निघाले नाहींत. अमेरिकेनें २०१२ पासून चिनी पॅनेलवर जकात बसविली. भारतानें स्वदेशी घटांचा आग्रह धरला, तेव्हां त्याच अमेरिकेनें जागतिक व्यापारसंघटनेकडे फिर्याद नेली व २०१६ सालीं निकाल आमच्या विरुद्ध लागला. पुढें २०२२च्या एप्रिलपासून भारतानें परदेशी पॅनेलवर शेंकडा चाळीस व घटांवर पंचवीस जकात लावली. ज्यानें त्यानें आपापलें दार लावून घेण्याची ही रीत आहे. कारखान्याच्या दारास कांहीं काळ कडी असावी, हें आम्ही मान्य करतों. रोप लहान असतां कुंपण लागतेंच. परंतु तीच कडी प्रयोगशाळेच्या दारास घालणें आणि विद्यार्थ्यांचे परवाने अडविणें हें आपल्याच पायावर धोंडा मारून घेणें होय. ऑस्ट्रेलियाचें नुकसान झालें म्हणतात. पण सिडनीची विद्या वूशीस गेली नसती तर आज ऑस्ट्रेलियांतील घराघरांवर जीं स्वस्त पॅनेल्स दिसतात तीं दिसलीं असतीं काय?

सहकार्य म्हणजे केवळ परिषदा भरवून हस्तांदोलन करणें नव्हे. २०२० सालीं अनेक देशांतील संशोधकांनीं एकत्र बसून पेरोव्हस्काइटचा टिकाऊपणा मोजण्याचे समान नियम ठरविले. तोंवर प्रत्येकाचें माप निराळें, त्यामुळें कोणाचा घट खरोखर टिकला हेंच कळेना. त्याच्या पुढच्या वर्षीं दुसऱ्या एका गटानें हजारों निबंध चाळून बेचाळीस हजारांहून अधिक घटांची माहिती एका खुल्या भांडारांत सर्वांसाठीं मांडून ठेवली. हें काम कंटाळवाणें, त्यांत कीर्ति थोडी. परंतु शंभर नव्या विक्रमांपेक्षां आम्ही त्याची किंमत अधिक समजतों. फसलेले प्रयोग बहुधा प्रसिद्ध होत नाहींत, व तीच चूक दहा देशांतले दहा विद्यार्थी पुन्हा करतात. कार्यक्षमतेच्या विक्रमांचा तक्ता कोलोरॅडोची प्रयोगशाळा जगासाठीं प्रसिद्ध करते. सर्वांच्या तोंडीं तो असतो. तितकाच सर्वतोमुखी झालेला आयुष्याचा तक्ता मात्र अजून नाहीं.

२०१५ सालीं पॅरिस येथें भारत व फ्रान्स यांनीं आंतरराष्ट्रीय सौरसंघटना स्थापन केली. तिचें मुख्य ठाणें आपल्याच देशांत, गुरुग्राम येथें आहे. शंभराहून अधिक देश तिचे सभासद आहेत, आणि त्यांतील पुष्कळसे आमच्यासारखेच उन्हाचे धनी आहेत. तिनें एक काम हातीं घ्यावें असें आम्हांस फार वाटतें. नव्या घटांचा एकच नमुना घेऊन तो रत्नागिरी, चंद्रपूर, जोधपूर व लेह येथें, तसाच आफ्रिकेच्या वाळवंटांत व विषुववृत्तावरील अरण्यांत एकाच दिवशीं उघड्यावर मांडावा. पांच वर्षें त्याची नोंद ठेवावी. आणि ती नोंद, भली असो वा बुरी, सर्वांस वाचावयास मोकळी असावी. ज्या कंपनीला आपला माल विकावयाचा तिनें ह्या मांडवाखालून जावें. असें झालें तर गरीब देशांवर कच्चा माल खपविण्याची सोय राहणार नाहीं.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें हा प्रश्न केवढा मोठा आहे! शेतीपंपास वीज पाळीनें मिळते; रात्रीची पाळी आली म्हणजे हातीं बॅटरी घेऊन, सापा-विंचवाच्या व कांहीं भागांत बिबट्याच्या भयांत उंसाला पाणी द्यावयास जावें लागतें. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं ही स्थिति आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली, हें योग्यच झालें. परंतु दर मेगावॉटला चार-पांच एकर हा हिशेब येथेंही लागू आहे, व जमीन कांहीं वाढत नाहीं.

आतां शाळांविषयीं थोडें. ज्या ज्या हायस्कुलांच्या छपरावर पॅनेल्स आहेत, त्यांनीं दररोज दुपारीं एक ठराविक वेळीं पॅनेलच्या पाठीचें उष्णतामान, त्या दिवसाचीं युनिटें, पाऊस, आणि पॅनेल शेवटचें कधीं धुतलें ही एवढीच नोंद वर्षभर ठेवावी व ती जवळच्या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाकडे पाठवावी. कोंकण, देश, खानदेश व विदर्भ येथील पन्नास शाळांनीं तीन वर्षें असें केलें तर संशोधकांस उपयोगी पडेल अशी सामग्री सहज जमेल. वरच्या वर्गांतील दोन विद्यार्थी आठवड्याच्या पाळीनें हें काम करूं शकतील. मात्र शिक्षकांनीं त्यांना एकट्यानें गच्चीच्या कडेस जाऊं देऊं नये. थर्मामीटर प्रयोगशाळेच्या कपाटांत आहेच. वही तेवढी नवी आणावी लागेल.